अबू निझारच्या चार पाहुण्या

आमचा अबू निझार कशावरही पटकन विश्वास ठेवत नाही. कलिंगड घ्यायचं तर तो त्याला टिचक्या मारून, कान लावून इतका वेळ ऐकतो, की विकणारा मागच्या गिऱ्हाइकांना सांगतो, "थांबा जरा, डॉक्टर तपासतायत." नवा बल्ब आणला की तो आधी जिन्यात लावतो. तिथे टिकला तरच बल्बाला घरात प्रवेश. त्यामुळे आमच्या सल्त गावातल्या सगळ्या जिन्यांत आमचाच जिना तेवढा लख्ख असतो, आणि खालच्या मजल्यावर राहणारा मी, शाळेतून निवृत्त झालेला भूगोलाचा मास्तर, त्याच्या संशयाच्या उजेडात फुकट चढतो-उतरतो.

हा स्वभाव जन्मजात नाही. अबू निझारने उभं आयुष्य गावातली लग्नं व्हिडिओवर घेतली. तरुणपणी एकदा त्याने एका कोऱ्या कॅसेटवर भरवसा टाकला आणि घरी येऊन लावून पाहतो तर वरात नाही, नवरी नाही, नुसत्या मुंग्या. नवरीची आई काही ऐकून घेईना. तिने दुसऱ्या दिवशी सगळी वरात पुन्हा काढायला लावली. नवरीला पुन्हा सजवलं, नवऱ्याला दुकानातून उठवून आणलं, पाहुण्यांना पुन्हा मन्साफचा मटण-भात वाढला. त्या फिल्ममध्ये नवरा जांभया देताना स्पष्ट दिसतो. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. अबू निझार त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून पितो.

वय झाल्यावर त्याने धंदा सोडला आणि सगळ्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून एका हार्डडिस्कवर भरल्या. कॅसेटना बुरशी लागली होती, त्या टाकून दिल्या. म्हणजे गावाची सगळी लग्नं आता साबणाच्या डबीएवढ्या एका वस्तूत मावली. लोक यायचे, आपापलं लग्न बघायचे, कोण किती सुटलं यावरून भांडायचे आणि कॉफी पिऊन जायचे. गेल्या उन्हाळ्यात ती डिस्क टिकटिक करायला लागली. डिस्क टिकटिकली की समजायचं, तिचे दिवस भरत आले.

सगळ्यात जास्त घाबरली ती त्याची बायको, उम्म निझार, म्हणजे निझारची आई. तिचे वडील अबू ममदूह जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांचे फोटो आहेत, पण सगळ्या फोटोंत ते पासपोर्टला बसल्यासारखे ताठ. चालताबोलता बाप तिला एकाच ठिकाणी दिसायचा, तिच्या भावाच्या, ममदूहच्या लग्नाच्या फिल्ममध्ये. दर ईदला ती ती फिल्म लावून बसायची. आता प्रत्येक टिकटिकीला तिचा जीव खालीवर होई.

अबू निझारने बेत पक्का केला. चार खणांचा एक पेटारा, म्हणजे घरगुती सर्व्हर, त्यात चार नव्या डिस्क, आणि मांडणी अशी की त्यातली एखादी मेली तरी उरलेल्या मिळून तिच्या पोटातलं सगळं पुन्हा सांगू शकतील. पेटारा त्याच्या मुलाने, निझारने, दोह्याहून पाठवला. डिस्क घेतल्या ममदूहकडून. ममदूहचं खालच्या बाजारात कॉम्प्युटरचं दुकान आहे, आणि मेव्हण्याचं दुकान असताना परक्याकडे जाणं म्हणजे घरात भांडण असल्याची गावभर दवंडी पिटणं. मेव्हण्यासमोर पाकीट फोडून वस्तू तपासणं हा तर त्याहून मोठा अपमान. "पैसे कसले देताय, दुकान तुमचंच आहे," असं ममदूह रीतीप्रमाणे म्हणाला, अबू निझारने रीतीप्रमाणे नको-नको करून पैसे मोजले, आणि ज्या माणसाने जन्मात न वाजवता कलिंगड घेतलं नाही तो चार बंद पाकिटं काखेत मारून मुकाट्याने घरी आला.

घरी आल्यावर मात्र परीक्षा सुरू झाली. परीक्षेत डिस्क तापतात, म्हणून त्यांची सोय त्याने घरातल्या सगळ्यात गार खोलीत केली, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत. चौघींना कोचावर ओळीने मांडलं, खाली लाकडी पाट, समोर पंखा. एकेक डिस्क काठोकाठ निरर्थक आकड्यांनी भरायची, मग भरलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायला लावायचं, मग पुसून पुन्हा दुसरं भरायचं. मला माझे भूगोलाचे तास आठवले. फरक एवढाच की माझी मुलं पहिल्या फेरीतच बाद व्हायची.

उम्म निझार कातावली. एक तर खरे पाहुणे बोळात स्टुलावर बसत होते आणि पत्र्याचे चार तुकडे कोचावर वारा खात होते. दुसरं म्हणजे जुनी डिस्क आतल्या खोलीत टिकटिकतच होती.

"ती मरायला टेकलीय आणि तुम्ही यांची शाळा घेताय," ती म्हणाली. "भरा ना यांच्यात माझ्या बाबांना."

"सासऱ्यांना मी गळक्या छपराखाली झोपवणार नाही," अबू निझार म्हणाला. "आधी छप्पर बघू दे."

आता इथे त्याने जी चूक केली ती आमच्या मुलखातलाच माणूस करू जाणे. आमच्याकडे पाहुण्याला तीन दिवस विचारायचं नसतं, की बाबा तू कोण, कुठून आलास. खाऊ घालायचं, झोपायला जागा द्यायची, आणि चौथ्या दिवशी चौकशी करायची. प्रत्येक डिस्कच्या पोटात तिच्या वयाची नोंद असते, आजवर ती किती चालली याची. ती बघायला एक मिनिट लागतं. पण बैठकीतल्या पाहुण्यांना आल्या आल्या वय विचारणं अबू निझारला प्रशस्त वाटेना. त्याने चौघींना तीन दिवस राबवलं, आणि चौथ्या दिवशी सकाळी न्याहारी करून, हात धुऊन विचारलं, की बायांनो, तुम्ही कुठल्या?

बाया चांगल्या वयस्क निघाल्या. नव्या म्हणून विकलेल्या चारही डिस्क वर्षानुवर्षं कुठल्यातरी पहाऱ्याच्या कॅमेऱ्यामागे दिवसरात्र जागलेल्या होत्या. दोघींना तर सांगितलेलं मधूनमधून आठवतच नव्हतं. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर परीक्षेची गरजच नव्हती, हे उम्म निझारने त्याला अजूनही ऐकवायचं सोडलेलं नाही.

तो खाली माझ्याकडे येऊन बसला. मी म्हटलं, जा आणि परत कर. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्याला मशिदीत शिट्टी वाजवायला सांगतोय. बायकोच्या भावाला तू फसवलंस म्हणायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. मग दुसरीकडून घे, म्हटलं. तर तीच दवंडी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तेवढ्यात उम्म निझार जिन्यावरून खाली आली. ती सगळं ऐकत होती हे उघड होतं.

"माझ्या भावाला कुणी चोर म्हणायचं नाही," ती म्हणाली, "आणि माझ्या बापाला दुसऱ्यांदा मरू द्यायचं नाही. दोन्ही जमवा."

दोन्ही जमवायचा आमच्याकडे एकच मार्ग आहे, जाहा. गावातली चार वजनदार माणसं ठेवणीतले कपडे घालून समोरच्याच्या घरी जाऊन बसतात. कॉफी येते. म्होरक्या आपला पेला खाली ठेवतो आणि मागणं मान्य होईपर्यंत त्याला तोंड लावत नाही. यजमानाची इज्जत त्या निवत चाललेल्या कॉफीत अडकते, आणि बहुतेक कामं होतात. मुलगी मागायला जाहा जाते, खुनाची क्षमा मागायला जाते. डिस्क बदलून मागायला ती आजवर कुणी नेली नव्हती.

आम्ही हाजी मिफ्लेहकडे गेलो. अर्ध्या गावाची लग्नं आणि पाऊण गावाची भांडणं त्याच्या थंड कॉफीने मिटवलेली. त्याने सगळं डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, की ही डिस्क म्हणजे नेमकं काय. अबू निझारने सांगितलं, गोष्टी लिहून ठेवायची चकती.

"आणि ती विसरते?"

"दोघी विसरतात. दोघींचा भरवसा नाही."

"माझ्यासारख्याच की," हाजी म्हणाला. "मी एकदा बकरीसाठी बसलोय. चकतीसाठीही बसेन."

उम्म निझारने भावाला फोन करून कळवलं, की उद्या संध्याकाळी तुझ्याकडे चार माणसं यायची आहेत, कॉफी कर, चांगले कपडे घाल. कशासाठी, हे तिच्याने सांगवेना. लाज वाटली. हीच ती ठिणगी.

दुसऱ्या दिवशी आम्ही ममदूहच्या पायऱ्या चढलो. पुढे हाजी मिफ्लेह, मागे त्याचा भाऊ, मग हातात पिशवी घेतलेला अबू निझार, आणि शेवटी मी. मला घेण्याचं कारण माझं वजन नव्हे, माझा काळा सूट. वर पोहोचतो तर बैठक झाडून पुसून लखलखीत, शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणलेल्या, आणि ममदूह असा घामाघूम की मला त्याची दयाच आली. खाई त्याला खवखवे, असं मी मनात म्हटलं. माझा अंदाज साफ चुकला होता.

वेलदोड्याची कॉफी आली. हाजीने पेला घेतला, गुडघ्यापुढे खाली ठेवला, घसा साफ केला आणि अल्लाचं नाव घेऊन सुरुवात केली, की आम्ही या इज्जतदार घरी एका मागणीसाठी आलो आहोत. पुढचं वाक्य त्याला मिळालंच नाही. ममदूह उठून उभा राहिला.

"हाजी, कॉफी घ्या," तो म्हणाला. "ज्यासाठी आलात ते दिलं. न ऐकताच दिलं. तुमच्यापेक्षा ते मला मोठं नाही."

असं म्हणणं हा आमच्याकडे मोठेपणाचा कळस. हाजीच्या आयुष्यातली ही सगळ्यात छोटी जाहा. त्याने समाधानाने पेला उचलून रिकामा केला, आम्हीही केले, आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातून बायकांनी आनंदाची अशी किलकारी मारली, की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. चार डिस्कसाठी हे जरा जास्तच होतंय असं मला वाटून गेलं.

ममदूहने येऊन अबू निझारला कवटाळलं. "लुजैन आता तुमची मुलगी," तो म्हणाला. "निझारला कळवलंत का?"

हाजी मिफ्लेहने हळूच माझ्याकडे वाकून विचारलं, लुजैन कोण. मी म्हटलं, ममदूहची थोरली. हाजीने रिकाम्या पेल्याकडे असं पाहिलं, की जणू त्यातली कॉफी परत आणता येते का ते तो बघतोय.

अबू निझारने पिशवीत हात घातला आणि चारही डिस्क एकेक करून कॉफीच्या ट्रेशेजारी मांडल्या. आता तो शब्द निघणार, जो बायकोने काढू नको म्हणून बजावलं होतं.

"या दमल्यात ममदूह," तो हलकेच म्हणाला. "बिचाऱ्यांचं आयुष्य दुसरीकडेच होऊन गेलंय. बाबांना यांच्यावर कसं ठेवू?"

ममदूह डिस्ककडे बघत राहिला. त्या त्याने जर्का शहरातल्या एका व्यापाऱ्याकडून स्वस्तात उचलल्या होत्या. त्याने विचारलं नव्हतं आणि व्यापाऱ्याने सांगितलं नव्हतं. हे त्याने मला नंतर सांगितलं; त्या वेळी तो फक्त खुर्चीत बसला. बाबा हा शब्द त्याला लागला होता.

पडदा सरला आणि लुजैन मामूलचं, म्हणजे खजूर भरलेल्या बिस्किटांचं, ताट घेऊन बाहेर आली. दारामागे उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे बाबांनी मला देऊन टाकलं," ती म्हणाली, "आणि आतोबांना हवी होती डिस्क."

मग ती ताट ठेवून अबू निझारकडे वळली. "आतोबा, एक विचारू? मला घेतलं असतं तर मलाही तीन दिवस पंख्यासमोर बसवून तपासलं असतंत का?"

"तुला गरज नाही गं," अबू निझार घाईघाईने म्हणाला. "तुझी गॅरंटी आहे."

पहिला हसला तो हाजी मिफ्लेह. मग त्याचा भाऊ, मग मी, आणि शेवटी स्वयंपाकघरातल्या त्याच बायका, ज्यांनी मघाशी कबुतरं उडवली होती. हाजीने डोळे पुसत निवाडा दिला. ममदूहने शब्द दिलाय, की ज्यासाठी आलात ते दिलं. आम्ही आलो डिस्कसाठी. तेव्हा शब्द पाळायचा तो डिस्कचा, आणि मुलगी राहील तिच्या बापाची आणि स्वतःच्या मर्जीची. हे इतकं न्यायाचं होतं की ममदूहलाही मान हलवावी लागली. तोवर वरातीमागून घोडं निघालंच होतं. दोह्यात निझारला सगळ्या आत्या-मावश्यांचे अभिनंदनाचे फोन जाऊन पोचले होते, आणि तो बिचारा प्रत्येकीला विचारत होता, कशाबद्दल.

ममदूह शब्दाला जागला. दुकान बंद ठेवून तो अम्मानला गेला आणि चार डिस्क चार वेगवेगळ्या दुकानांतून घेऊन आला, कारण अबू निझारचं म्हणणं असं, की एकाच घरच्या चार बहिणी घेतल्या तर एक आजारी पडली की चौघी पडतात. संध्याकाळी तो अबू निझारकडे आला तेव्हा मी तिथेच होतो. त्याने पाकिटं मेव्हण्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "माझ्यासमोर फोडा. आणि वय आधी विचारा."

अबू निझारने फोडली, विचारलं. चारही कोऱ्या निघाल्या. मग सवयीने तो पाट आणायला उठला.

आतून टिकटिक ऐकू येत होती. आता ती थांबून थांबून यायची, आणि थांबली की जास्त भीती वाटायची. उम्म निझार दारात उभी होती. तिने कॉफी आणून भावापुढे ठेवली. ममदूहने पेला घेतला आणि न पिता खाली ठेवला.

"माझीही एक मागणी आहे," तो म्हणाला. "आधी बाबा."

अबू निझार हातात पाट घेऊन उभा राहिला. नियम एकीकडे आणि ती थंड होत चाललेली कॉफी एकीकडे. अखेर त्याने पाट भिंतीला टेकवला, चारातली एक डिस्क उचलली, आणि कसलीही परीक्षा न घेता पेटाऱ्याच्या शेवटच्या खणात बसवली. या माणसाने असं काही करताना मी प्रथमच पाहत होतो.

पुढचं आधी सांगून टाकतो, कारण त्यात माझं नुकसान आहे. बाकीच्या तिघींना त्याने नियमाप्रमाणे तीन दिवस राबवलं, मगच पेटाऱ्यात एकत्र गुंफलं आणि गावाची लग्नं त्यांच्यावर उतरवायला घेतली. जवळजवळ सगळी उतरली. शेवटची मूठभर उरली असताना जुनीने प्राण सोडला. त्या मुठीत माझं लग्न होतं. अबू निझार माफी मागायला आला तेव्हा माझी बायको म्हणाली, जाऊ द्या, त्यात यांना केस होते, बघून उगाच वाईट वाटायचं. तेव्हा नियमाचा बळी मी. पण त्या संध्याकाळी हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी फिल्म उतरायला लागली. ती रांगत पुढे सरकायची, मग थबकायची, आतून खरवडल्यासारखा आवाज यायचा, मग पुन्हा सरकायची. एकदा ती इतका वेळ थांबली की उम्म निझारने ओढणीचं टोक तोंडाला लावलं आणि ममदूहने बहिणीचा हात धरला. त्यांना असं मी बापाच्या अंत्ययात्रेनंतर पाहिलं नव्हतं. मग ती पुन्हा हलली आणि एका दमात पार झाली.

अबू निझारने नव्या डिस्कवरून ती लावली. पडद्यावर पायऱ्यांवरची वरात आली, ढोल, हातात हात घालून दबकेचा नाच करणारी पोरं. त्यांच्या मधून अबू ममदूह पुढे आले, डोक्यावर लाल कोफिया, एका हाताने लोकांना बाजूला सारत. कॅमेऱ्याजवळ येऊन त्यांनी अबू निझारला दरडावलं, की जावईबापू, माणसं घ्या, ताटं काय घेताय. खोलीत आम्ही सगळे हसलो. मग त्यांनी वळून नवऱ्यामुलाकडे पाहिलं.

"ममदूह," ते म्हणाले, "कॉलर नीट कर."

इकडे कोचावर बसलेल्या, डोक्यावरचे केस पिकलेल्या ममदूहचा हात वर गेला आणि त्याने कॉलर नीट केली. आपण काय केलं ते त्याला कळलंसुद्धा नाही.

उम्म निझारने पेला उचलून त्याच्या हातात दिला. कॉफी पार गार झाली होती. त्याने ती एका घोटात संपवली आणि म्हणाला, पुन्हा लावा.

ती डिस्क अजून शेवटच्या खणात एकटी आहे, पोटात ती एकच फिल्म घेऊन. बाकीच्या तिघींवरही तिची नक्कल आहे, तेव्हा हिला काढून रीतसर तपासायला हरकत नाही, असं मी अबू निझारला परवा सुचवलं. तो माझ्यावर चांगलाच उखडला. म्हणाला, मास्तर, सासऱ्याची परीक्षा घेतात का कुठे?